“तुम्ही द्याल ते” म्हणू नका
मुलाखत, नेमणूक आणि पगाराची बोलणी : तरुणांसाठी एक अभ्यासपाठ

दरवर्षी निकाल लागले की आपल्या जळगाव व धुळे जिल्ह्यांतील मुलेमुली प्रमाणपत्रांची फाईल घेऊन घराबाहेर पडतात. कोणी जळगावच्या किंवा धुळ्याजवळच्या अवधानच्या औद्योगिक वसाहतीत जातो, कोणी नाशिकला सातपूर-अंबडला, तर कोणी भुसावळहून रात्रीची गाडी धरून पुण्याकडे चाकण-रांजणगावला. त्यांच्या शिक्षणासाठी आईबापांनी काय काय सोसले ते आपणां सर्वांना ठाऊक आहे. परंतु पंधरा-सोळा वर्षे शिकून झाल्यावर मुलाखतीच्या खोलीत शेवटच्या पाच मिनिटांत जे बोलावे लागते, त्याचे शिक्षण कोणत्याच शाळेत मिळत नाही. रविवारी संध्याकाळी विहारात तरुणांबरोबर बसताना आम्हांला हे वारंवार जाणवले, म्हणून हा पाठ लिहीत आहोत.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. पारोळा तालुक्यातील एक मुलगा आय.टी.आय. फिटर होऊन एका कारखान्यात मुलाखतीला गेला. यंत्राविषयीच्या प्रश्नांची उत्तरे त्याने नीट दिली. शेवटी साहेबांनी विचारले, “पगाराची अपेक्षा किती?” मुलगा हात जोडून म्हणाला, “साहेब, तुम्ही द्याल ते.” त्याला साडेबारा हजारांवर घेतले. त्याच तुकडीतला, त्याच्यापेक्षा कमी गुणांचा त्याचा मित्र दुसऱ्या दिवशी त्याच खोलीत गेला आणि म्हणाला, “साहेब, सोळा हजारांची अपेक्षा आहे.” त्याला पंधरा हजार मिळाले. दोघे एकाच खोलीत राहत. तीन महिन्यांनी पगाराच्या दिवशी गोष्ट उघड झाली. महिन्याला अडीच हजार म्हणजे वर्षाला तीस हजार रुपये, आणि पुढची प्रत्येक वाढ त्याच आकड्यावर. तो मुलगा आम्हांला म्हणाला, “कोणी फसवलं असतं तर भांडलो असतो. मीच बोललो होतो.”

आम्ही त्याला दोष दिला नाही. आमच्या पहिल्या नोकरीच्या वेळी आम्हीही नेमके तेच चार शब्द उच्चारले होते.

हे शब्द येतात कोठून?

हे शब्द आपल्या तोंडी आजचे नाहीत. महार वतनाच्या काळात आपल्या पूर्वजांनी सरकारचे आणि गावाचे काम केले. पण कामाचे तास ठरलेले नव्हते आणि मोबदलाही ठरलेला नव्हता. रात्री-अपरात्री बोलावणे आले की जायचे, आणि वतनदार घरी नसेल तर घरातल्या दुसऱ्याने जायचे. बदल्यात थोडी वतनी जमीन, नावापुरता मुशाहिरा आणि गावाचे बलुते. बलुते मागायचे म्हणजे खळ्यावर उभे राहून शेतकरी देईल ते घ्यायचे. “तुम्ही द्याल ते” ही त्या खळ्यावरची भाषा आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या प्रथेवर घाव घातला तो याच मुद्द्यावर. मार्च १९२८ मध्ये त्यांनी मुंबई विधिमंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. काम कोणते आणि किती, पगार कोण देणार आणि किती, हे ठरले पाहिजे अशी ती मागणी होती. ते विधेयक तेव्हा मंजूर झाले नाही. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ ग्रामवतने रद्द झाली. कायद्याने वतन गेले, पण वतनाची भाषा अजून आपल्या जिभेवर आहे. ती सोडणे हे आता आपले काम आहे. काम विचारणे आणि दाम विचारणे यात उद्धटपणा नाही.

मुलाखतीपूर्वीची तयारी

पहिली तयारी माहितीची. ज्या कारखान्यात, दवाखान्यात, शाळेत किंवा कार्यालयात जायचे तेथे काय काम चालते, किती पाळ्या असतात, भरती थेट आहे की ठेकेदारामार्फत, हे आधी विचारून घ्या. तेथे काम करणारा गावाकडचा किंवा कॉलेजातला कोणी ना कोणी सापडतोच. त्याला तीन प्रश्न विचारा : नव्या माणसाला तेथे काय देतात? हातात किती येते? पगार कोणत्या तारखेला होतो? पगाराच्या बोलण्यांतली निम्मी ताकद या तीन उत्तरांत आहे.

दुसरी तयारी कागदांची. मूळ प्रमाणपत्रे दाखवायला न्या, पण द्यायच्या त्या स्वतः सही केलेल्या प्रती. मूळ कागद “आमच्याकडे राहू द्या” असे कोणी म्हटले तर नम्रपणे नकार द्या. मूळ गुणपत्रिका दुसऱ्याच्या कपाटात असलेला माणूस नोकरी सोडू शकत नाही आणि दुसरीकडे जाऊही शकत नाही.

तिसरी तयारी बोलण्याची. “स्वतःविषयी सांगा” हा प्रश्न बहुतेक ठिकाणी पहिला येतो आणि आपली मुले तेथेच अडखळतात. नाव, गाव, वडिलांचा व्यवसाय, भावंडे एवढे सांगून गप्प बसतात. समोरच्याला हवे असते ते वेगळेच : तुम्ही काय शिकलात, हाताने काय केले आहे, आणि या जागेवर काय करू शकाल. उदाहरणार्थ : “मी धुळ्याला मेकॅनिकलची पदविका केली. शेवटच्या वर्षी आम्ही चौघांनी ठिबकच्या फिल्टरचा प्रकल्प केला, त्यातले जोडकाम माझ्याकडे होते. सुट्टीत सहा महिने एका वर्कशॉपमध्ये लेथवर काम केले आहे. तुमच्याकडे देखभाल विभागात जागा आहे, ते काम मी करू शकेन.” एवढे पुरे. ते कागदावर लिहा आणि मोठ्याने दहा वेळा म्हणा. विहारात दोघांनी साहेब व्हावे, एकाने उमेदवार व्हावे आणि बाकीच्यांनी ऐकावे. पहिल्या दिवशी हसू येते, चौथ्या दिवशी जीभ सुटते.

भाषेची लाज बाळगू नका. आपल्या घरात अहिराणी बोलतात. तिचा हेल मराठीत आणि इंग्रजीत उतरतो. त्याने कोणाचेही काम अडत नाही. सावकाश आणि पूर्ण वाक्यात बोलले की ते समजते. इंग्रजीत प्रश्न आला आणि उत्तर सुचले नाही, तर “सर, हे मी मराठीत नीट सांगू शकेन” असे म्हणायला हरकत नाही. जे येत नाही त्यास “येत नाही, पण शिकेन” म्हणा. दोन चुकीच्या उत्तरांपेक्षा एक खरा नकार बरा.

आडनावाचा प्रश्न

हा विषय टाळून चालणार नाही. “आडनाव काय? मूळ गाव कोणते? वडील काय करतात?” हे प्रश्न कधी सहज येतात, कधी सहज नसतात. प्रा. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी २००५ नंतर खासगी कंपन्यांच्या वृत्तपत्रीय जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे, फक्त नावे वेगळी असलेले अर्ज पाठवून पाहिले. २००७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला : दलित आडनावाच्या अर्जाला बोलावणे येण्याची शक्यता उच्चवर्णीय आडनावाच्या अर्जाच्या सुमारे दोन तृतीयांशच होती. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या प्रा. सुरिंदर जोधका व कॅथरीन न्यूमन यांच्या अभ्यासात भरती अधिकारी “आम्ही फक्त गुणवत्ता पाहतो” असे सांगत होते, आणि त्याच वेळी उमेदवाराची कौटुंबिक पार्श्वभूमी विचारणे महत्त्वाचे मानत होते.

तेव्हा बोलावणे आले नाही म्हणून स्वतःला कमी लेखू नका. अर्जांची संख्या वाढवा. प्रश्न आलाच तर चिडू नका आणि खोटेही बोलू नका. “वडील शेतमजुरी करतात. घरात पदवीधर झालेला मी पहिलाच” हे ताठ मानेने सांगा आणि बोलणे पुन्हा कामावर आणा. खासगी नोकरीत जात सांगण्याचे तुमच्यावर बंधन नाही.

सरकारी नोकरीत मात्र कागद चोख हवेत. बौद्ध धर्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातीच्या व्यक्तींना केंद्राच्या सवलती १९९० च्या दुरुस्तीने मिळाल्या. केंद्राच्या भरतीसाठी जातीचा दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो, आणि राज्यातील राखीव जागेसाठी जात वैधता प्रमाणपत्र. जाहिरात येण्याची वाट न पाहता ही कामे आधी उरका.

जेथे मुलाखतच नाही

भुसावळ हे रेल्वेचे मोठे जंक्शन. आपल्या भागात “रेल्वेत लावून देतो, मुलाखतीचे मी बघतो” म्हणणारे लोक गावोगाव फिरतात. केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून गट क व गट ड च्या पदांसाठी मुलाखत बंद केली आहे. जी मुलाखत होतच नाही ती कोण सांभाळून देणार? अशा माणसाला शेत गहाण ठेवून पैसे दिलेली घरे आम्ही पाहिली आहेत. नोकरीसाठी पैसे मागितले की उठून यायचे, हा नियम घरातल्या वडीलधाऱ्यांनाही सांगून ठेवा, कारण पैसे बहुधा तेच देतात. तसेच सरकारी पदाचा पगार वेतनश्रेणीने ठरलेला असतो. तेथे घासाघीस नसते. पुढील भाग खासगी नोकरीचा आहे.

“अपेक्षा किती?”

या प्रश्नाला उत्तर देण्याची रीत अशी :

१. शक्य असेल तर आधी विचारा : “सर, या जागेसाठी आपण साधारण किती ठरवले आहे?” पुष्कळदा आकडा समजतो.

२. त्यांनी सांगितले नाही, तर स्वतः आकडा सांगा आणि त्याला कारण जोडा. “माझ्याकडे लेथचा सहा महिन्यांचा अनुभव आहे, आणि या कामाला इकडे पंधरा ते सतरा हजार देतात असे समजले. माझी अपेक्षा सतरा हजारांची आहे.” घराची अडचण, बहिणीचे लग्न, वडिलांचे आजारपण ही कारणे सांगू नका. ती खरी असली तरी त्यांनी दयेचा विषय होतो, कामाचा नाही.

३. आकडा सांगितल्यावर थांबा. शांतता अवघड जाते आणि आपणच घाईने म्हणतो, “पण थोडं कमी चालेल.” तेवढे वाक्य गिळा.

४. मनात एक तळाचा आकडा ठरवून जा, त्याखाली हो म्हणायचे नाही. मात्र तो घरी बसून हिशेबाने ठरवा. पुण्यातले अठरा हजार आणि घरी राहून जळगावातले चौदा हजार यांत खोलीभाडे, खानावळ आणि प्रवास काढल्यावर कोणते जास्त उरतात ते कागदावर मांडा.

५. आधीचा पगार विचारला तर खरा सांगा, कारण पगारपत्रक मागतात. पण पुढे जोडा : “तो पगार त्या कामाचा होता. येथे जबाबदारी जास्त आहे.”

६. त्यांचा आकडा कमीच राहिला तर विचारा : “सहा महिन्यांनी काम पाहून वाढ कराल का, आणि ते पत्रात लिहाल का?”

राज्य सरकार उद्योगवार किमान वेतनाचे दर जाहीर करते आणि त्यावरचा विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी बदलतो. त्या दरापेक्षा कमी वेतन तुमच्या संमतीनेही देता येत नाही. म्हणजे तुम्ही “द्याल ते” म्हणालात, तरी कायदा तसे म्हणत नाही. आपल्या कामाचा दर जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात विचारता येतो.

वीस हजारांचे किती?

पत्रावर “सीटीसी दोन लाख चाळीस हजार” असे वाचून घरात पेढे वाटले जातात आणि पहिल्या पगाराला तोंड उतरते. सीटीसी म्हणजे तुमच्यावर मालकाचा होणारा एकूण खर्च. एक नमुन्याचा हिशेब पाहा. महिना वीस हजारांतले मूळ वेतन व महागाई भत्ता बारा हजार, घरभाडे भत्ता ५,४०० धरू. म्हणजे पगारपत्रकावर १७,४००. उरलेले मालकाचे भविष्य निर्वाह निधीचे १२ टक्के म्हणजे १,४४०, राज्य विम्याचे ३.२५ टक्के म्हणजे ५६६ आणि ग्रॅच्युइटीची तरतूद सुमारे ५७७. या सर्वांची बेरीज जवळजवळ वीस हजार होते.

आता १७,४०० मधून तुमचे कापले जाते : निर्वाह निधी १,४४०, राज्य विमा ०.७५ टक्के म्हणजे १३१, व्यवसाय कर २००. हातात येतात १५,६२९. महाराष्ट्रात पंचवीस हजारांपर्यंत पगार असणाऱ्या महिलांना व्यवसाय कर नाही, म्हणून मुलीच्या हातात १५,८२९ येतील. तेव्हा विचारायचा प्रश्न हा : “सर, सर्व कपात होऊन हातात किती येतील?”

कपात म्हणजे तोटा मात्र समजू नका. निर्वाह निधीत तुमच्या १,४४० बरोबर मालकाचेही १,४४० जातात, त्यांतले सुमारे एक हजार निवृत्तिवेतनासाठी. एकवीस हजारांपर्यंत वेतन असणाऱ्यास राज्य विम्यातून स्वतःला व कुटुंबाला उपचार मिळतात. “पी.एफ. नको, रोख जास्त देतो” असे कोणी म्हटले तर भुलू नका. कपात होते पण भरणा होत नाही असेही घडते. म्हणून यू.ए.एन. क्रमांक मागून घ्या आणि दोन-तीन महिन्यांनी मोबाईलवर पासबुक तपासा. ठेकेदारामार्फत लागलेल्यांनी तर हे जरूर करावे.

पत्र हातात येईपर्यंत

तोंडी “या सोमवारपासून” म्हणजे नेमणूक नव्हे. केंद्राच्या चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आल्या आहेत. कामगाराला नियुक्तीपत्र देणे, आणि नोकरी सुटल्यावर देणे असलेले वेतन कामाच्या दोन दिवसांत देणे हे त्यांत आहे. पत्रात पाहा : पदाचे नाव, कामाची जागा, वेतनाची फोड, पाळी व साप्ताहिक सुट्टी, जादा कामाचा दर, उमेदवारीचा काळ, आणि सोडताना द्यायची नोटीस. आधीची नोकरी असेल तर नवे पत्र हातात येईपर्यंत राजीनामा देऊ नका.

विचार करायला दोन-तीन दिवस मागणे गैर नाही. “आपले आभार. गुरुवारपर्यंत निश्चित कळवतो” असे म्हणा आणि गुरुवारी खरोखरच कळवा. दोन ठिकाणचे बोलावणे असेल तर जेथे जायचे नाही तेथे दोन ओळींचे नम्र पत्र पाठवा. न कळवता गायब झालेल्या मुलाची आठवण ठेवून पुढच्या मुलाला दार बंद करणारी माणसे आहेत. तुमच्या मागून आपल्याच गावचा कोणीतरी येणार आहे.

बंधपत्राविषयी सावध राहा. “बॉण्ड म्हणजे नुसता कागद, कोर्टात टिकत नाही” असे सांगणारे पुष्कळ भेटतात. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात, तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली. प्रत्येक बंधपत्र टिकेलच असे नाही, पण सही करण्यापूर्वी मुदत किती, रक्कम किती आणि प्रशिक्षण खरोखर मिळणार आहे काय, हे वाचा. प्रत मागून घ्या.

बाबासाहेबांनीही करारावर सही केली होती. १९१३ साली बडोदा संस्थानाची शिष्यवृत्ती घेताना, परतल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी करण्याचे त्यांनी मान्य केले होते. ते शब्दाला जागून १९१७ मध्ये बडोद्यास गेले. तेथे अस्पृश्य म्हणून राहायला जागा मिळाली नाही आणि कचेरीतही अपमान झाला, म्हणून त्यांना परतावे लागले. नंतर त्यांनी मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजातील जागेसाठी अर्ज केला आणि नोव्हेंबर १९१८ पासून दरमहा साडेचारशे रुपयांवर ते प्राध्यापक झाले. काटकसरीने पैसे साठवून १९२० मध्ये ते अपुरे शिक्षण पुरे करण्यास लंडनला गेले. पगार कशासाठी, याचे उत्तर त्यांच्याजवळ होते. ते आपल्याजवळही असावे.

शेवटी

गेल्या वर्षी साक्री तालुक्यातील एक मुलगी औषधनिर्माणशास्त्राची पदविका घेऊन आमच्याकडे आली. चार रविवार तिने सराव केला. आकडा सांगताना पहिल्या तीन वेळा तिचा आवाज खाली गेला. मुलाखतीत तिने अठरा हजार सांगितले. साडेसोळा ठरले, आणि सहा महिन्यांनी वाढीचा विचार करू असे पत्रात लिहून मिळाले. ती एस.टी. स्टँडवर असतानाच आईचा फोन आला : “पगार कितला शे?” मुलीने एका कागदावर मांडलेला हिशेब वाचून आईला हातात येणारा आकडा सांगितला, कशाची कपात होते तेही सांगितले. आई शाळेत गेलेली नाही, पण तिला सर्व समजले.

तो कागद ती मुलगी पुढच्या रविवारी आमच्याकडे घेऊन आली आणि नव्या मुलांसमोर तिने तो फळ्यावर मांडला. ज्या तरुणांना सराव करायचा असेल त्यांनी रविवारी संध्याकाळी यावे. ज्यांची नोकरी लागली आहे त्यांनीही यावे, आणि आपल्या पगाराचा आकडा मागच्यांना मोकळेपणाने सांगावा. आपण आपसांत आकडे लपवले, तर त्याचा फायदा कमी देणाऱ्यालाच होतो.